कांशाचा माणूस आणि वैद्याची सुई

इसवी सनाच्या अकराव्या शतकांत चीन देशांतील काइफंग हें शहर सुंग घराण्याच्या बादशहांची राजधानी होतें. तेथील राजवैद्यशाळेंतील एका परीक्षेचें चित्र श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. दालनाच्या मध्यभागीं पुरुषभर उंचीचा एक पुतळा उभा आहे. पुतळा कांशाचा आहे. पण कांसें कोठेंच दिसत नाहीं, कारण डोक्यापासून पावलांपर्यंत त्याच्यावर पिवळ्या मेणाचा लेप चढविलेला आहे. परीक्षक शरीरावरील एका स्थानाचें नांव उच्चारतात. विद्यार्थी पुढें होतो, बोटांनीं अंतर मोजतो आणि हातांतील सुई मेणांतून आंत सारतो. जागा बरोबर असेल तर सुई सुळकन् आंत जाते, आणि त्या छिद्रांतून पाणी ठिबकूं लागतें. जवाएवढी चूक झाली असेल तर सुईचें टोंक कांशावर आदळतें, आणि पुढें कांहीं घडत नाहीं.

परीक्षा घेणें हा ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्यांना या युक्तीचा हेवा वाटल्यावांचून राहणार नाहीं. घोकून आणलेलें उत्तर येथें चालत नाहीं. अक्षर वळणदार म्हणून एखादा गुण अधिक पडत नाहीं. आणि परीक्षक विद्यार्थ्याच्या मामाच्या ओळखीचे असले, तरी पाण्याची ओळख कोणाशींच नसते.

शरीरांत ठराविक जागीं बारीक सुया टोंचून रोग हटविण्याची जी चिनी विद्या, तिला आज जगभर अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. मराठींत सूचिचिकित्सा म्हटलें तर अर्थ लागलीच ध्यानांत येतो. ही विद्या त्या काळींहि हजार वर्षांहून जुनी होती, आणि तिच्या जुनेपणामुळेंच पंचाईत झाली होती. हातांनीं नकला करून उतरविलेल्या ग्रंथांत व चित्रांत चुका शिरल्या होत्या. एका पोथींत एक स्थान कोपराच्या वर, तर दुसऱ्या पोथींत तेंच स्थान दोन बोटें खालीं, असा प्रकार. लेखनिकाच्या हातून एक ओळ सुटली तर पंडिताचा वाद वाढतो. पण वैद्याच्या पोथींत ओळ सुटली तर सुई भलत्याच जागीं शिरते. म्हणून रेन-त्सुंग बादशहाच्या आज्ञेवरून वांग वेइ-यी नांवाच्या राजवैद्यानें सर्व ग्रंथ ताडून पाहिले, १०२६ सालीं एक निर्णायक ग्रंथ सिद्ध केला, आणि १०२७ सालीं त्या ग्रंथाबरहुकूम कांशाचे दोन पुतळे ओतून घेतले. एक राजवैद्यशाळेंत ठेवण्यांत आला व दुसरा राजधानींतील एका मोठ्या बौद्ध विहारांत. ग्रंथहि कागदावर ठेवून न थांबतां शिळांवर कोरविला, कीं पुढील नकलाकारांना लबाडी करण्यास जागा राहूं नये.

त्या पुतळ्यांवर ३५४ नांवांचीं स्थानें होतीं. त्यांपैकीं ५१ शरीराच्या मध्यरेषेवर, म्हणून एकेरी. उरलेलीं ३०३ दोन्ही अंगांस, म्हणून दुहेरी. बेरीज केली म्हणजे ६५७ छिद्रें होतात. पुढें जवळजवळ हजार वर्षांनीं, २००८ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें चीन, जपान व कोरिया या तीन देशांतील तज्ज्ञांकडून स्थानें निश्चित करून घेतलीं, तेव्हां नांवांची संख्या ३६१ झाली. हजार वर्षांत भर पडली ती अवघ्या सातांची!

स्थान मोजावयाचें तें रोग्याच्याच मापानें. रोग्याच्या आंगठ्याची सांध्याजवळची रुंदी म्हणजे एक त्सुन. पहिलवानाचें त्सुन मोठें, बालकाचें लहान. सुश्रुताचें हेंच धोरण भारतीय श्रोत्यांस परिचित असेल. त्यानें शरीरांतील १०७ मर्मांचीं मापें ज्याच्या त्याच्या अंगुलानेंच सांगितलीं आहेत. आणि हात बसल्यावांचून रोग्यास हात लावूं नये, म्हणून शिष्याला कोहळ्यावर व दुध्या भोपळ्यावर छेद करावयास, आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेध करावयास लाविलें आहे. या दोन विद्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध होता असें येथें सुचवावयाचें नाहीं. गुरूला पडणारी अडचण मात्र दोन्हीकडे एकच होती.

त्या पुतळ्यांचा पुढचा इतिहास एखाद्या कादंबरीस शोभेल असा आहे. ११२७ सालीं उत्तरेकडील जुर्चेन लोकांनीं काइफंग लुटलें आणि पुतळे देशोधडीस लागले. तेराव्या शतकांत चौ मी या लेखकानें अशा एका पुतळ्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. स्थानांचीं नांवें सोन्याच्या अक्षरांनीं जडविलेलीं. पुढचा व मागचा असे दोन भाग, ते जोडले कीं सबंध माणूस. आणि आंत सर्व अवयव जागच्या जागीं. पोटांत भरलेलें द्रव्य पाणी नसून पारा होता, असें तो म्हणतो. पुढें मोंगल बादशहा कुब्लाइ खान याच्या हातीं मोडकळीस आलेला एक पुतळा लागला. चीनमधील कारागिरांपैकीं कोणी तो दुरुस्त करूं शकेना. तेव्हां नेपाळांतून आलेला अरनिको नांवाचा तरुण मूर्तिकार पुढें झाला. असलें काम पूर्वीं कधीं केलें नाहीं, पण करून पाहतों, एवढेंच तो म्हणाला. आणि १२६५ सालीं त्यानें तो पुतळा असा पुरा केला कीं धातुकामांत मुरलेल्या कारागिरांनीं माना खालीं घातल्या. त्या वेळीं त्याचें वय वीस वर्षांच्या आसपास होतें. १४४३ सालीं मिंग बादशहानें जुना पुतळा झिजला म्हणून त्याची नवी प्रत ओतविली. शिळांची गत तर विचारूंच नये. त्यांचे तुकडे करून पेकिंगच्या कोटाच्या बांधकामांत दगड म्हणून वापरण्यांत आले होते. कोट पाडण्यास सुरुवात झाली तेव्हां, १९६५ ते १९७१ या काळांत, ते पुन्हां उजेडांत आले.

इतकें कौतुक केल्यावर पुतळ्याचें उणेंहि सांगणें प्राप्त आहे. कांशाचा माणूस जागा शिकवीत असे. खोली शिकवीत नसे. छिद्रांतून सुई गेली कीं विद्यार्थी उत्तीर्ण. ती अर्धा अंगुल गेली कीं तीन अंगुलें, याचा जाब पुतळा विचारीत नव्हता. त्याच्या छातींत फुप्फुसें होतीं, पण त्यांत वारा नव्हता. सुई खोल रुतली म्हणून तो पुतळा कधीं धापा टाकूं लागला नाहीं. जिवंत माणसाच्या कातडीखालीं काय आहे व किती अंतरावर आहे, हें कळण्यास माणसाचेंच शरीर उघडून पाहावें लागतें, आणि तेथें चिनी वैद्याच्या वाटेंत मोठी धोंड होती. मातापित्यांनीं दिलेला देह अखंड परत करावा, हा त्या देशाचा धर्म.

तरीहि प्रयत्न झालेच नाहींत असें नव्हे. इसवी सन १६ मध्यें वांग मांग बादशहानें एका बंडखोराचें शव राजवैद्याकडून व एका कुशल खाटकाकडून उघडविलें, आंतील अवयव मोजविले, आणि बांबूच्या बारीक काड्या रक्तवाहिन्यांतून घालून त्या कोठें सुरू होतात व कोठें संपतात हें पाहविलें. यानें रोग बरे करतां येतील, अशी नोंद इतिहासकारानें केली आहे. वैर आणि विद्या यांचें हें मिश्रण मनाला रुचत नाहीं. पण त्या काड्या घालणाऱ्या हाताला काय शोधावयाचें तें ठाऊक होतें, हें कबूल केलें पाहिजे. पुढें १०४५ सालीं, म्हणजे कांशाचे पुतळे तयार झाल्यानंतर अठरा वर्षांनीं, दक्षिणेंतील औ शी-फान या बंडखोराला व त्याच्या साथीदारांना देहांत शासन झालें. दोन दिवसांत ५६ शवें उघडण्यांत आलीं व चित्रकाराकडून त्यांचीं चित्रें काढविण्यांत आलीं. छप्पन्न शवें पाहूनहि त्या चित्रांत माणसाच्या घशांत तीन नळ्या दाखविल्या होत्या, एक अन्नाची, एक पाण्याची व एक वाऱ्याची! शेन क्वो या पंडितानें लौकरच ही चूक दाखवून दिली. नळ्या दोनच आहेत, पाहणारांनीं नीट पाहिलें नाहीं, असा त्याचा शेरा आहे. डोळ्यांपुढें वस्तु असूनहि पुस्तकांत जें वाचलें तेंच दिसावें, हा दोष केवळ चीन देशापुरता नाहीं.

या बाबतींत सर्वांत करुण कथा वांग छिंग-रेन याची आहे. १७९७ सालीं एका गांवीं सांथ येऊन पुष्कळ बालकें दगावलीं. गरिबांनीं तीं चटईंत गुंडाळून उथळ पुरलीं, आणि कुत्र्यांनीं उकरून काढलीं. वांग नाकाला हात लावून परत फिरला. मग त्याच्या मनानें घेतलें कीं जुन्या ग्रंथांत चुका राहिल्या त्या याच किळसेमुळें. तो दहा दिवस रोज सकाळीं त्या स्मशानांत जात राहिला आणि तीसाहून अधिक देहांतील अवयव त्यानें ताडून पाहिले. एक गोष्ट त्याला दिसली नाहीं. छाती व पोट यांमधला पातळ पडदा प्रत्येक देहांत फाटलेला होता. त्या पडद्याच्या शोधांत त्याचीं तीसाहून अधिक वर्षें गेलीं. १८३० सालीं त्याचा ग्रंथ बाहेर पडला. त्यांतहि एक ढोबळ चूक राहिलीच. मेलेल्या माणसाच्या धमन्या रित्या असतात, त्या पाहून त्यानें त्यांना वाऱ्याच्या नळ्या ठरविलें. दृष्टीनें दाखविलेलें खरें होतें. मात्र मृत शरीर जिवंत शरीराविषयीं सर्वच सत्य सांगत नाहीं, याचा अनुभव त्याच्या पदरीं पडला.

जिवंत शरीर जाणण्याचें दुसरें साधन म्हणजे बोटें. आणि बोटांची विद्या ज्यांनीं वाढविली ते जपानांतील आंधळे वैद्य होत. त्यांचा आद्य पुरुष सुगियामा वाइची १६१० सालीं जन्मला व लहानपणींच दृष्टीस मुकला. एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथें तो सुयांची विद्या शिकूं लागला. पण शिकविलेलें ध्यानांत राहीना, म्हणून गुरूनें त्याला मंदबुद्धि ठरवून हांकून दिलें. (असल्या मंदबुद्धींची यादी सर्वच देशांत लांब आहे, आणि ती वाचून गुरुवर्गानें थोडें अंतर्मुख व्हावें.) तो एनोशिमा बेटावर बेंझाइतेन देवीच्या गुहेंत उपास करीत राहिला. ही देवी म्हणजे भारतांतून बौद्धधर्माबरोबर तिकडे गेलेली सरस्वतीच. परततांना तो दगडाला अडखळून पडला, आणि हाताला नळीसारखी गुंडाळलेली वस्तु लागली. तिच्या पोकळींत पाइन झाडाचें सुईसारखें पान होतें, असें सांगतात. कथा कशीहि असो, बारीक सुई आधीं एका नळींत घालावी, नळी कातडीवर टेंकवावी आणि सुईच्या डोक्यावर हलकीशी टिचकी मारावी, ही युक्ति त्याच्याच नांवावर आहे. जागा शोधणारें बोट व सुई आंत घालणारा हात यांची त्यामुळें फारकत झाली. आंधळ्याला हें वरदानच होतें. पुढें पांचवा शोगुन त्सुनायोशी याला त्यानें बरें केलें. काय हवें, असें विचारतां त्यानें एक डोळा मागितला, आणि शोगुननें ‘एकडोळा’ असा अर्थ होणाऱ्या नांवाच्या मोहल्ल्यांत त्याला जमीन दिली, अशीहि आख्यायिका आहे. त्यानें आंधळ्यांसाठीं शाळा काढल्या. १६९४ सालीं तो वारला. आणि जपानांतील अंधशाळांतून ही विद्या आजहि शिकविली जाते.

बोटांची विद्या म्हणजे काय, याचा अनुभव श्रोत्यांना बसल्या जागीं घेतां येईल. डाव्या हाताची मूठ घट्ट वळावी आणि मनगट थोडें आंतल्या बाजूस वाकवावें. मनगटाच्या आंतल्या बाजूवर मधोमध दोन दोऱ्या ताणून उभ्या राहतील. ते स्नायूंचे कंडरे होत. मनगटावरील घडीपासून कोपराकडे उजव्या हाताचीं तीन बोटें आडवीं ठेवावीं. तिसऱ्या बोटाच्या कडेशीं, दोन दोऱ्यांच्या मधल्या खोबणींत, नेइ-ग्वान नांवाचें प्रसिद्ध स्थान आहे. मळमळीवर सूचिवैद्य तेथें सुई टोंचतात. त्या खोबणीच्या तळाशीं हाताच्या पंजाला संवेदना देणारा मुख्य मज्जातंतु आहे. सुई नेटानें खोल घातली तर ती त्या तंतूवर बसते, आणि रोग्याच्या बोटांतून वीज चमकून जाते. आतां कांहीं श्रोत्यांना एकच दोरी लागली असेल. त्यांनीं घाबरूं नये; कित्येक माणसांच्या हातांत ती दुसरी दोरी जन्मतःच नसते, आणि त्यांचें काडीचेंहि अडत नाहीं. पण पुस्तकांत ‘दोन दोऱ्यांच्या मध्यें’ एवढेंच पाठ केलेला विद्यार्थी अशा हातापुढें गोंधळून उभा राहतो. शेंकडों मनगटें चांचपलेला विद्यार्थी गोंधळत नाहीं.

म्हणूनच हल्लीं युरोप-अमेरिकेंत सूचिवैद्यांसाठीं शवविच्छेदनाचे वर्ग भरविले जातात. ज्यांनीं मरणोत्तर आपला देह विद्येसाठीं दिला, अशांच्या शरीरावर विद्यार्थी प्रथम स्थान शोधतो व सुई घालतो. मग सुई तशीच ठेवून तिच्या भोंवतालचा एकेक थर सोडवीत जावयाचें. आधीं कातडी, मग मेद, मग पांढरें आवरण, मग स्नायु, आणि शेवटीं सुईचें टोंक कोठें पोंचलें आहे तें उघड दिसतें. खांद्यावरील च्येन-चिंग या स्थानीं हा प्रयोग केला म्हणजे विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. मान व खांदा यांच्यामधला तो मांसल उंचवटा पाहून तेथें खूप मांस असेल असें वाटतें. पण खालीं फुप्फुसाचें शिखर येऊन टेंकलेलें असतें. कृश माणसाच्या पाठींत तर कातडी व फुप्फुस यांत दीड-दोन सेंटिमीटरांचेंच अंतर असूं शकतें. फुप्फुसाला छिद्र पडलें कीं छातींत हवा शिरते, फुप्फुस मिटूं लागतें, आणि कांहीं तासांनीं, रोगी घरीं पोंचल्यावर, त्याला धाप लागते. असें वारंवार होत नाहीं. जर्मनींत २,२९,२३० रोग्यांची पाहणी होऊन २००९ सालीं ती प्रसिद्ध झाली. त्यांत असे रोगी दोन निघाले. संख्या अगदीं अल्प आहे. परंतु त्या दोघांच्या घरच्या माणसांनीं ती अल्प मानली असेल असें वाटत नाहीं.

या मेजावर विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट कळून येते. जुन्या ग्रंथांतील ज्या नाड्यांतून प्राणशक्ति वाहते असें सांगितलें आहे, त्या नाड्या शवांत कोठेंच सांपडत नाहींत. सांपडतात त्या रक्तवाहिन्या, मज्जातंतु व स्नायूंचीं आवरणें. सुयांनीं कोणता रोग खरोखर हटतो, याबद्दल वैद्यांत तीव्र मतभेद आहेत, आणि तो वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. नाड्या मानणाऱ्याची सुई आणि न मानणाऱ्याची सुई एकाच छातींत शिरते. तथापि शव हा पुरता गुरु नव्हे. औषधांत मुरवून ठेविलेलें मांस ताठर होतें, जिवंत मांसासारखें हाताला बोलत नाहीं. म्हणून विद्यार्थी एकमेकांच्या पाठीवर कणे मोजतात, खवाट्याचें खालचें टोंक सातव्या कण्याच्या रेषेंत आलें कीं नाहीं हें पाहतात. आणि कोठें कोठें तर ध्वनिलहरींच्या यंत्रावर श्वासाबरोबर फुप्फुस बरगड्यांखालीं कसें सरकतें हें प्रत्यक्ष दाखविलें जातें.

ही विद्या भारतांत आली त्या वाटेवर एक मराठी नांव उभें आहे. १९३८ सालीं चीनच्या साह्यास जें पांच भारतीय डॉक्टरांचें पथक गेलें, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर होते. शस्त्रवैद्य कोटणीस १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. त्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसु १९५८ सालीं पुन्हां चीनला गेले, सुयांची विद्या शिकले आणि पुढील वर्षीं कलकत्त्यांत त्यांनीं ती सुरू केली. पुढें महाराष्ट्र राज्यानें २०१५ च्या कायद्यानें या चिकित्सेला नियमांची चौकट दिली. कायद्यानें पाटी व प्रमाणपत्र यांची व्यवस्था लागते. बोटांची व्यवस्था मात्र शिकविणारालाच लावावी लागते.

त्या शिकविणाराच्या मेजावर एक हाड अवश्य असावें. तें म्हणजे छातीच्या मधोमध असणारें चपटें उरोस्थि. दोन्ही स्तनाग्रांना जोडणारी रेषा या हाडावरून जेथें जाते, तेथें तान-चुंग नांवाचें स्थान आहे. हाडावर टोंचावयाचें, हाड भेदून सुई जाणार नाहीं, म्हणून ही जागा सर्वांत निर्धास्त, असें कोणालाहि वाटेल. पण शेंकडा पांच ते आठ माणसांच्या या हाडांत, खालच्या भागीं, जन्मतः एक छिद्र राहून गेलेलें असतें. जिवंतपणीं त्यावर चिवट पडदा ताणलेला असल्यामुळें बोटाला तें कळत नाहीं. साध्या क्ष-किरण चित्रांतहि बहुधा दिसत नाहीं. त्या छिद्रामागें हृदय असतें. १९९५ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत नॉर्वेंतील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. छातीवर घातलेली सुई अशाच छिद्रांतून आंत गेली, हृदयाला जखम झाली, भोंवतालच्या पिशवींत रक्त सांचलें आणि ती बाई दगावली.

म्हणून या जागीं सुई सरळ घालावयाची नसते. कातडी व हाड यांच्यामधून ती आडवी सरकवावयाची असते. हा नियम पुस्तकांत एका ओळींत दिलेला असतो, आणि एका ओळीसारखाच तो विसरला जातो. असें छिद्र असलेलें हाड वर्गांत एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरत जावें. प्रत्येक विद्यार्थ्यानें तें खिडकीसमोर धरावें, आणि त्या वाटाण्याएवढ्या भोंकांतून पलीकडचा उजेड पाहून शेजाऱ्याच्या हातीं द्यावें.